सह्यांची बायको

रामरती फंडाच्या ऑफिसात गेली ती नवऱ्याची पिशवी धरायला. बिसेसरला पंचावन्न पुरी झाली होती. लंबासाच्या साखर कारखान्यात तो फिटर होता. इतकी वर्षं पगारातून कापला गेलेला पैसा आता हातात यायचा होता. त्याने नवा शर्ट घातला होता. ग्रीस निघावं म्हणून सकाळी हात रॉकेलने धुतले होते.

काचेपलीकडे वासेमादा बसली होती. कानामागे लाल जास्वंद. ती काईवीती, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांतली, पण रामरतीच्या धाकट्या मुलीच्या वर्गात होती, आणि लहानपणी निम्मं जेवण रामरतीच्याच घरी करायची. त्यामुळे बोलणं घरातल्यासारखं. तिने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि सांगितलं, की लग्न झालेल्या माणसाला फंड एकट्याला काढता येत नाही. बायकोची संमती लागते. तिने इथे येऊन समोर सही करायची.

"मग ही काय शेजारीण आहे का माझी?" बिसेसर म्हणाला. "कर गं सही."

रामरतीने ओढणी सावरली आणि पेन घेतलं. वासेमादाने कागद पुढे केला नाही. ती स्क्रीनकडे बघत राहिली.

"काकी, तुमचं दुसरं काही नाव आहे का? माहेरचं?"

"रामरतीच. का?"

"इथं बायको म्हणून सुमिंत्रा लिहिलंय."

मागे रांगेत कुणीतरी खोकलं. रामरती वाट बघत होती. नवरा आता म्हणेल, चूक झाली असेल, दुरुस्त कर. बिसेसर आपल्या धुतलेल्या हातांकडे बघत होता. तो बोलत नाही हे लक्षात आलं तेव्हाच तिला कळलं, की नाव चुकलेलं नाही.

आमच्याकडे लग्नाचे दोन भाग असतात. आधी सह्या. मुलगा-मुलगी दोन साक्षीदार घेऊन रजिस्ट्रारसमोर बसतात, सह्या करतात, बाहेर येऊन आइसक्रीम खातात. मग मुलगी आपल्या घरी जाते, मुलगा आपल्या. फेरे नंतर, दोन-चार महिन्यांनी, मंडप, आचारी आणि परदेशातले नातेवाईक जमले की. मधल्या दिवसांत त्या दोघांना कुणी नवरा-बायको म्हणत नाही. सरकार म्हणतं. पण सरकारला कोण विचारतो.

बिसेसरने हे सगळं परतीच्या बसमध्ये सांगितलं, खिडकीबाहेर बघत. सुमिंत्रा सेअंगंगाची. सह्या झाल्या, त्याच आठवड्यात कारखान्यातल्या कारकुनाने त्याच्याकडून फंडाचे कागद भरून घेतले. बायको सुमिंत्रा, वारस सुमिंत्रा. पुढे हळदीच्या दोन दिवस आधी सुमिंत्राचा धाकटा भाऊ द्रेकेतीच्या नदीत बुडाला. बिसेसरची आई म्हणाली, ज्या दारातून आधी तिरडी निघाली त्या दारात माझा मुलगा वरात घेऊन जाणार नाही. मोडलं. मोडलं म्हणजे निरोप पाठवला. सह्यांचं काय करायचं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. फेरे झालेच नाहीत, तर मोडायचं काय?

वर्षभराने बिसेसरचं रामरतीशी लग्न झालं. या खेपेला आई म्हणाली, मागे सह्या आधी केल्या आणि अपशकुन झाला. आता फेरे आधी. सह्या मग होतील.

त्या कधी झाल्या नाहीत. रामरतीला ते माहीत होतं, पण कधी बोचलं नव्हतं. अग्नीसमोर सात फेरे झाले होते, सगळं गाव जेवून गेलं होतं. आता बसमध्ये तिने एकच विचारलं. तुला ठाऊक होतं का?

ठाऊक होतं. मोठी मुलगी पोटात असताना रामरतीच्या वडिलांनी सह्यांचा फार लकडा लावला, तेव्हा तो रजिस्ट्रारकडे जाऊन आला होता. त्यांनी सांगितलं, आधीचं लग्न कोर्टात मोडून ये. कोर्ट म्हणजे सुमिंत्रासमोर उभं राहायचं. तो घरी आला आणि म्हणाला, ऑफिस बंद होतं.

रामरतीला ती दुपार आठवली. उन्हातून हेलपाटा पडला म्हणून तिने त्याला लिंबाचं सरबत करून दिलं होतं.

घरात तिच्या हाताला सगळं सापडत होतं. डाळीचा डबा, मीठ, पळी. तरी ती चुलीपुढे उभी राहिली तेव्हा तिला दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात उभं असल्यासारखं वाटलं. कुणीतरी थोडा वेळ बाहेर गेलंय, आणि आल्यावर विचारणार आहे, तू कोण? भाताला तीन माणसांचे तांदूळ घेतले गेले. तिने एक मूठ परत डब्यात टाकली.

त्यात घराची टांगती तलवार होतीच. घर त्यांचं, खालची जमीन भाडेपट्ट्याची. पट्टा संपत आला होता. मालक मंडळी चांगली होती, नवा पट्टा द्यायला तयार होती, पण त्यासाठी एकरकमी पैसा लागणार होता. रामरतीच्या मनात फंडाचा पैसा म्हणजे तो पट्टा. बिसेसरच्या मनात ट्रक. पुतण्याबरोबर भागीदारीत ऊस वाहायचा, त्या कमाईतून पट्टा. पुतण्याने याआधी एक ट्रक बुडवला होता. यावरून दोघांचं वर्षभर वाजत होतं.

सुमिंत्राकडे जायचं कोणी? बिसेसर म्हणाला, बायकांचं बायकांशी बोलणं सोपं जातं. रामरतीने त्याच्याकडून बसचे पैसे मागून घेतले. मग तीच गेली.

सेअंगंगाच्या बस थांब्याजवळ एक बाई काचेच्या पेटीत रोटीची पार्सलं घेऊन बसायची. बटाट्याची, डालोच्या म्हणजे अळूच्या पानांची, टिनमधल्या मासळीची. उंच, सडसडीत, केस अजून काळे. भांग कोरा. रामरतीने ओळख सांगितली तेव्हा तिने हातातली रोटी आधी नीट गुंडाळली, गिऱ्हाइकाला दिली, सुटे पैसे परत केले. मग म्हणाली, "म्हणजे सवत आली. बस. सवतीला चहा तरी पाजायला हवा."

पेटीवर फडकं टाकून तिने रामरतीला मागच्या खोलीत नेलं. खोली तिच्या भाच्याच्या घराला चिकटून होती. छपराच्या एका कोपऱ्यातून आभाळ दिसत होतं आणि त्याच्या खाली बादली.

सुमिंत्रा बोलायला मोकळी होती. रडगाणं नव्हतं. तावेउनीच्या एका विधुराने तिला मागणी घातली होती, चांगला नारळाचा मळा होता त्याचा. रजिस्ट्रारने तिचं नाव पाहिलं आणि म्हणाला, बाई, तुझा नवरा जिवंत आहे. तिचा बाप लंबासाला बिसेसरच्या घरी गेला. बिसेसरच्या आईने ओसरीवरूनच सांगितलं, आम्ही तुम्हाला ओळखत नाही. कोर्टाला पैसा नव्हता. विधुराने दुसरीकडे बघितलं.

"बाप घरी आला आणि एवढंच म्हणाला, पोरी, तू अडकलीस. मग मी रोट्या लाटायला लागले."

"तुम्ही कधी आला नाहीत, दीदी. भांडायला तरी."

"आले होते. तुमच्याकडे बारसं होतं. रस्त्यावरून मंडप दिसला. तशीच परत फिरले. बारशाच्या घरी काय भांडायचं?"

रामरतीने चहाचा पेला खाली ठेवला. तिने बिसेसरचं काम सांगितलं. सुमिंत्राने लगेच हात पुसले.

"कुठं करायची सही? चल. आयुष्यात एकदाच केली, तिने माझं वाटोळं केलं. दुसरीने कुणाचं तरी बरं होऊ दे."

इतकं सोपं होतं ते. पुढची बस अर्ध्या तासात होती. दुपारच्या आत दोघी ऑफिसात पोचल्या असत्या.

रामरती उठलीही. आणि उभ्या उभ्या तिला दिसलं. ही सही करील. पैसा बिसेसरच्या हातात पडेल, सगळा. त्यानंतर त्याला कुणाचीच संमती लागणार नाही. पुतण्या दारात उभा असेल. आणि रामरती त्या पैशाला हात लावू शकणार नाही, कारण ती त्याची कुणी नाही. या पैशाला आज एकच कुलूप आहे, आणि ते या बाईच्या नावाचं आहे.

"दीदी," ती म्हणाली, "सही करू नका."

सुमिंत्रा हसली. मग तिचं हसू थांबलं. "एवढं तिकीट काढून हे सांगायला आलीस?"

"मागायला आले होते. आता नको म्हणते. त्याने आधी कोर्टात जाऊन तुम्हाला मोकळं करावं. तुमचं जे देणं लागतं ते द्यावं. मग माझ्याशी सह्या कराव्यात. तोवर राहू दे पैसा तिथंच."

सुमिंत्रा परत खाली बसली. मग म्हणाली, ठीक आहे. तू म्हणशील तेव्हाच करीन.

बिसेसर आधी चिडला. घरात दोन दोन बायका आणि दोन्ही उलट्या, असं म्हणाला. मग कबूल झाला. वकिलाकडे जायचं ठरलं. उसाचं क्रशिंग संपू दे. मग, नाताळात ऑफिसं बंद असतात. मग, वादळात रस्ता वाहून गेला. दर वेळी कारण खरंच असायचं. संध्याकाळी तो नंगोना, ते सुस्ती आणणारं मुळाचं पाणी, प्यायला शेजारी जाऊन बसायचा आणि उशिरा यायचा. रामरती टोचून बोलायची, तो ऐकून घ्यायचा. पण एकदा दार लावताना तो आपणहून म्हणाला, मला तिचं तोंड आठवत नाही गं. आठवलं असतं तर कदाचित गेलो असतो.

रामरतीला मात्र तिचंच तोंड दिसायचं. भांग भरताना आरशात आपल्या खांद्याच्या मागे. कुंकवाचं बोट टेकवताना तिचा हात जरा अडायचा, जणू कुणाची वस्तू न विचारता वापरतोय. मुलींना तिने काही सांगितलं नाही. मुली समुद्रापलीकडे व्हिती लेवूला दिलेल्या. फोनवर म्हणायच्या, आई, आवाज असा का येतोय? कुणी बसलंय का घरात? ती म्हणायची, कुणी नाही.

एका रविवारी बिसेसर पाण्याच्या टाकीचा पत्रा ठोकत होता. ठोकता ठोकता खाली बसला. रामरतीला वाटलं, दमला. हातोडी त्याच्या हातातच होती.

बायकांनी तिचं कुंकू पुसलं, बांगड्या उतरवल्या. सगळ्या रडत होत्या, तीही रडत होती. मध्येच तिच्या मनात आलं, की हे सगळं चुकीच्या बाईला चाललंय.

वासेमादा स्वतः घरी आली. ओसरीच्या पायरीवर बसली, आत आली नाही. रडत रडत म्हणाली, काकी, मी काही करू शकत नाही. बायको म्हणून तिचं नाव, वारस म्हणूनही तिचंच. पैसा तिला जाणार. तुम्ही दावा केलात तर वर्षानुवर्षं चालेल.

रामरतीने तिला पाणी दिलं. त्या दिवशी तिने जेवण केलं नाही. सुमिंत्रा सही करायला उठली होती. हात पुसून उभी होती. आपणच तिला खाली बसवलं. तेव्हा गप्प राहिलो असतो तर पैसा या घरात आला असता. पुतण्याने निम्मा खाल्ला असता, तरी निम्मा राहिला असता. आता पट्टा संपायला सहा महिने होते. कुलूप तिने स्वतःच्या हाताने राखलं होतं, आणि किल्ली आता सेअंगंगाला रोट्या विकत बसली होती.

तेराव्याला सुमिंत्रा आली. पांढरी साडी, हातात केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी. बायकांना वाटलं, कुणी लांबची नातेवाईक. तिने हार घातलेल्या फोटोसमोर बसकण मारली. बाकीच्या जेवायला उठल्या, तरी ती तिथेच. रामरती तिला उठवायला गेली.

"उंच होता का गं?" सुमिंत्राने हळूच विचारलं.

"काय?"

"फोटोत कळत नाही. मला आठवत नाही. रजिस्ट्रारसमोर आम्ही दोघं बसलेलो होतो. उठलो तेव्हा मी खाली मान घातलेली."

रामरती तिच्याजवळ बसली. म्हणाली, उंच होता. दारातून आत येताना वाकायचा.

सुमिंत्राने ते मनात कुठेतरी ठेवल्यासारखी मान हलवली.

बायका गेल्यावर दोघींचं बोलणं झालं. सुमिंत्राने पैशाचं आपणच काढलं. निम्मा तिचा, निम्मा रामरतीचा. छप्पर घालायचंय, भाच्याच्या बायकोचे टोमणे खाऊन कंटाळा आलाय. रामरतीने पट्टा करून घ्यावा. पण तिची एक अडचण होती. पैसा घ्यायचा तर ऑफिसात जाऊन सांगायचं, की मी त्याची विधवा आहे. त्यांनी विचारलं, कसा होता तुझा नवरा, तर काय सांगायचं? वासेमादाने फोनवर सांगितलं होतं, की दोघांचे पत्ते वेगवेगळे दिसतात म्हणून सुवाच्या मुख्य ऑफिसातून आलेला मोठा साहेब चौकशी करणार आहे.

"ते कारण नाही खरं," सुमिंत्रा थोड्या वेळाने म्हणाली. "साहेबाला मी काहीही सांगीन. पण विधवा व्हायचं तर कुणाची तरी व्हावं लागतं. मी कुणाची होऊ? तू तीस वर्षं त्याच्याबरोबर राहिलीस. मला माझा नवरा सांग."

रामरतीला वाटलं, यात काय. सांगू.

दर शुक्रवारी ती सेअंगंगाला जाऊ लागली. सुमिंत्रा रोट्या लाटायची, रामरती शेकायची आणि सांगायची. पहिल्यांदा सांगण्यासारखं सांगितलं. भेंडी खायचा नाही. डाळीत चिंच जास्त लागायची. शिट्टी वाजवत यायचा, पण घराच्या कोपऱ्यावर आला की थांबवायचा, कारण आईला आवडत नसे. आई गेली तरी थांबवायचा.

सुमिंत्रा लाटता लाटता ऐकायची. मग विचारायची. कुठल्या कुशीवर झोपायचा? रागावला की आवाज चढायचा की उतरायचा? मुलगी झाली तेव्हा पहिल्यांदा काय म्हणाला?

रामरती सांगत गेली. वादळाची गोष्ट सांगितली. छप्पर उडू नये म्हणून वाशाला दोर बांधून दोघं रात्रभर तो धरून बसली होती, आणि पहाटे वारा पडला तरी कुणी दोर सोडेना. दोघांनाही वाटत होतं, दुसरा सोडील तेव्हा आपण सोडू.

"दोर हाताला गुंडाळलेला का?"

"हो. उजव्या."

"वळ किती दिवस राहिले?"

रामरतीला आठवेना. ती म्हणाली, आठवडाभर असतील.

त्या दिवशी घरी परतल्यावर तिने वाशाकडे पाहिलं. दोर बांधल्याची खूण तिथे होती. पण ती रात्र आठवायला गेली तर दोराच्या दुसऱ्या टोकाला कुणाचा हात आहे ते नीट दिसेना. हात सडसडीत होता.

मग हे वरचेवर होऊ लागलं. जी गोष्ट सांगून यायची ती घरात राहायची नाही. रिकाम्या घरात ती बिसेसरला शोधायची आणि तो सेअंगंगाला गेलेला असायचा.

एका शुक्रवारी ती बसमधून उतरली तर सुमिंत्रा गिऱ्हाइकाशी बोलत होती. "आमचे हे भेंडीला हात लावत नसत," ती म्हणत होती. "चिंच मात्र हवी. मी म्हणायची, दात आंबतील." गिऱ्हाईक हळहळलं. म्हणालं, देवाने लवकर नेलं. सुमिंत्राने डोळ्यांना पदर लावला. ते खोटं नव्हतं. रामरती पेटीच्या अलीकडे उभी राहून ऐकत होती. आपण कुणाच्या तरी घरी भेटायला आलोय असं तिला वाटलं. ती परत बसकडे वळलीही. पण पट्ट्याचे तीन महिने उरले होते.

एकच गोष्ट तिने सांगितली नाही. फेरे झाले त्या पहिल्या रात्री बिसेसर बाहेर पायरीवर जाऊन बसला होता आणि रडला होता. तिने विचारलं तर म्हणाला, धूर गेला डोळ्यात. इतकी वर्षं रामरती ते रडणं स्वतःसाठी समजून जपत आली होती. आता तिला कळत होतं, की ते कुणासाठी होतं. ते देऊन टाकलं असतं तर सुमिंत्राला बाकी काही विचारायची गरज उरली नसती. तिने दिलं नाही.

ऑफिसात मोठा साहेब भला माणूस निघाला. वासेमादा त्याच्या शेजारी कागद घेऊन बसली होती. तिने मान वर करून कुणाकडे पाहिलं नाही. आज कानामागे फूल नव्हतं. साहेबाने विचारलं, बरोबर कोण? सुमिंत्रा म्हणाली, माझी बहीण.

त्याने लग्नाचा दाखला पाहिला. नाव बरोबर, सही बरोबर. मग चष्मा काढून तो सहज म्हणाला, की पत्ता वेगळा दिसतो, पण कारखान्याची माणसं अशी इकडे-तिकडे राहतातच. फक्त दोन शब्द सांगा म्हणजे मला लिहिता येईल. संसार कसा होता?

"चांगला होता," सुमिंत्रा म्हणाली.

एवढं पुरे होतं. साहेबाने पेन उचललंही. पण ती थांबली नाही. दारातून येताना वाकायचे, म्हणाली. शिट्टी वाजवत यायचे, ती कोपऱ्यावर थांबली की मी तवा चढवायची. डाव्या कुशीवर झोपायचे. मुलगी झाली तेव्हा म्हणाले, हिचे कान माझ्या आईसारखे, देवा, स्वभाव नको. साहेब हसला. वादळ आलं तेव्हा आम्ही दोर धरून बसलो, साहेब. हे बघा. तिने उजवा हात पुढे केला. मनगटावर एक फिकट आडवी रेघ होती. तव्याची असेल. साहेबाने ती पाहिली आणि मान खाली घातली.

रामरती मागच्या खुर्चीवर बसली होती. तिचा संसार तिच्यासमोर चालला होता. एकही शब्द चुकत नव्हता. तिला वाटलं, आपण मध्येच बोललो तर आपणच खोटं बोलतोय असं दिसेल.

"शेवटी काही म्हणाले का?" साहेबाने विचारलं. तो आता साहेब म्हणून विचारत नव्हता.

हे रामरतीने तिला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही नव्हतंच. तो खाली बसला होता, एवढंच.

"म्हणाले," सुमिंत्रा म्हणाली. "माझा हात धरला. म्हणाले, मी तुझं फार वाईट केलं. मला तेव्हाच यायला हवं होतं."

वासेमादाने हातातले कागद टेबलावर पालथे ठेवले.

साहेबाने लिहून घेतलं. साक्षीदार म्हणून रामरतीला पुढे बोलावलं आणि कागद तिच्याकडे वळवला. "तुम्ही घरच्याच," तो म्हणाला. "या सांगतात ते खरं ना?"

सुमिंत्रा वळून तिच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत विनवणी नव्हती. ती फक्त वाट बघत होती.

बिसेसरने हे शब्द कधी म्हटले नव्हते. ना सुमिंत्राला, ना रामरतीला.

"खरं," रामरती म्हणाली, आणि सही केली.